ओळखीपुरतं हसू

तळजाईवर, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर,
सकाळी पावणेसातला मला तिघांनी सांगितलं होतं.

टिल्लू म्हणाला, जाऊ नकोस,
मी शेवटपर्यंत बसलो ते पार्किंगचे पैसे भरले होते म्हणून.
हेमलता मध्यंतरातच उठून घरी गेली,
अर्धा किलो भाजणीच्या चकल्या तळल्या तिनं,
निम्म्या मोडल्या, तरी म्हणे त्यात जास्त गंमत होती.
उस्मान अत्तार काहीच बोलला नाही.
नुसता खांद्यावर हात ठेवला त्यानं,
दहाव्याला ठेवतात तसा.

मी मनात म्हटलं, यांना विनोद कळतो कुठे?
टिल्लू कोटी करतो आणि मग ती समजावून सांगतो.
हेमलता दुसऱ्या अंकाला घोरते.
अत्तारचं सोडा, तो माझ्यासुद्धा विनोदांना हसत नाही.

शिवाय त्या नटाचं माझ्याकडे जुनं देणं होतं.
चौऱ्याण्णवचा मे महिना, कॅम्पातलं थिएटर,
खुर्चीत ढेकूण, शेजारी आतेभाऊ श्रीरंग.
पडद्यावर त्याच्या भिवया वर गेल्या की आम्ही खाली.
इतके हसलो की बॅटरीवाला आला,
तोंडावर उजेड पाडून म्हणाला,
"बरं वाटत नाहीये का?"
श्रीरंगला बोलताच येईना, त्यानं पडद्याकडे बोट केलं.
बॅटरीवाला वळला, बघितलं,
आणि तोही पायरीवर बसला.
कामावर होता बिचारा.

श्रीरंग आता मेलबर्नला असतो.
"तुझ्याकडे किती वाजले?" यातच अर्धा फोन जातो.

मंगळवार, सव्वाबाराचा खेळ, सातारा रोड.
दोनशे दहा रुपये. खुर्ची इतकी मागे जाणारी
की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं.
आम्ही अकरा जण. त्यातला एक झोपायलाच आला होता,
त्याचं नियोजन मला नंतर पटलं.

केळ्याचं साल पहिल्या दहा मिनिटांत दिसलं.
कोण पडणार ते कळलं. तो पडला.
मग सासू पडली. मग इन्स्पेक्टर.
मग बहुधा लेखकाकडे माणसंच उरली नसावीत,
पुन्हा सासू.
प्रत्येक पडण्यामागे एक पिपाणी,
हसा, इथं हसा,
फोटोच्या वेळी मागून ढकलणाऱ्या मावशीसारखी.

आणि मग तो आला.
भिवया रंगवलेल्या, बुटाच्या पॉलिशसारख्या.
साडी नेसवली होती त्याला.
गुडघा दुखत असावा; पळताना डावा पाय
जरा जपून टाकत होता.
सबंध सिनेमात तेवढंच
कुणी सांगून केलेलं नव्हतं.
त्यानं भिवया वर केल्या.
थांबला.
तीस वर्षांपूर्वी इथं हशा यायचा,
तेवढी जागा सोडून थांबला.

त्या जागेत एसीचा आवाज येत होता.

मग मीच हसलो.
मोठ्यानं. ओळखीपुरतं.
कार्यालयात लांबचे काका दिसले,
आपण कोण ते त्यांना आठवत नसलं,
तरी वाकून नमस्कार करतो तसं.

मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली,
"काका, बरं वाटत नाहीये का?"

बुधवारी बाकावर तिघंही माझ्या आधी हजर.
"मग?" टिल्लू.
"साऊंड चांगला होता," मी म्हणालो.
हेमलता इतकी हसली की तिची पाण्याची बाटली
गडगडत उतारावरून खाली गेली.
टिल्लू समजावू लागला, "म्हणजे बघा हं,
साऊंड चांगला, याचा अर्थ बाकी..."
अत्तार तेवढा सरकला
आणि मला बसायला जागा केली.

दोनशे दहाचं काही नाही. म्हणजे, आहे थोडं.

गुडघ्याचं मी कुणालाच सांगितलं नाही.
रात्री श्रीरंगला सांगावं म्हणून फोन हातात घेतला.
त्याच्याकडे पहाटेचे अडीच वाजले असणार.
ठेवून दिला.