स्वहस्ते

मुंद्र्याच्या बंदरात कस्टमवाल्याने विचारलं होतं,
हे खेळण्यात धरू की यंत्रात?
हा म्हणाला, कर ज्यात कमी, त्यात धरा.
तीन लाकडी पेट्या, एक जाडजूड पुस्तक,
आणि मांजलपूरच्या आमच्या रो-हाउसला
त्या दिवसापासून गाडी ठेवायला जागा नाही.

सात वर्षं.
आधी शेपटी झाली. मग डावा पंख,
तो बैठकीत, सोफ्यामागे, भिंतीला टेकून.
चहा पिताना पाहुण्यांचं कोपर लागे
आणि ते दचकून माफी मागत,
जणू तिथे कोणी झोपलंय.
ॲल्युमिनियमचा कीस कुठे कुठे सापडला:
उशीच्या अभ्र्यात, हांडव्याच्या पिठात,
एकदा बँकेत, नोटा मोजताना, माझ्या वेणीतून गळला.
शेजारच्या जशुबेन दर उत्तरायणला गच्चीवरून ओरडायच्या,
'खानविलकरभाई, तमारो पतंग क्यारे चगशे?'
हा फाटकात येऊन एक बोट वर करायचा.
एक वर्ष.
दरवर्षी तेच बोट.

रिव्हेट एकट्याने बसत नाही.
बाहेरून बंदूक, आतून लोखंडाचा ठोकळा,
आणि दोघांनी एकाच वेळी श्वास धरायचा.
याचे खांदे शेपटीच्या निमुळत्या पोकळीत मावेनात.
माझे मावले.
मे महिन्यात मी आत पालथी, दातात टॉर्च.
हा बाहेरून म्हणायचा, 'तयार?'
मी आतून, 'हं.'
मग माझ्या हाडांपर्यंत तडतड.
आमचं बोलणं बंद असायचं त्या आठवड्यांतही
तेवढे दोन शब्द चालू होते.
तेवढ्यावर संसार चालला, असं नाही म्हणणार मी.
पण शेपटी झाली.

कागद मात्र इंजिनाहून जड.
दिल्लीला, मुंबईला, परत दिल्लीला.
एका पत्राचं उत्तर आलं तोवर
ज्यांना लिहिलं ते साहेब निवृत्त झाले होते.
'निम्म्याहून अधिक काम अर्जदाराने
स्वहस्ते केल्याचा पुरावा जोडावा.'
मी एकोणीसशे छत्तीस फोटो तारीखवार लावले.
प्रत्येकात हा.
काढणारी फोटोत नसते.

तपासणीला कुरियनसाहेब आले.
हाथीखान्यातून धान्याचे तीन काटे मागून आणले होते,
एकेका चाकाखाली एकेक.
सकाळी ज्यांवर गव्हाची पोती होती
त्यांवर आमचं विमान: तीनशे अठ्ठावीस किलो.
साहेबांनी आकडा लिहिला, बूट काढले,
आणि टॉर्च घेऊन शेपटीत डोकं घातलं.
बराच वेळ बाहेर काढलं नाही.
मग आतून, विहिरीतून यावा तसा आवाज,
'इथे कोण शिरलं होतं?'

हा गप्प. फाइल गप्प.
मी चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला. 'मी.'

साहेब बाहेर आले, कानाला कोळ्याचं जाळं.
माझ्या खांद्यांकडे पाहिलं, शिंपी पाहतो तसं.
'चारशे बारा मोजले,' म्हणाले, 'एकही तिरका नाही.'
मग पेन उघडलं. अर्जदाराच्या नावाला
एकच ओळ होती, तीही भरलेली.
पेन तिच्यावर जरा थांबलं.
पुढे गेलं.

परवाना आला आठमच्या दिवशी.
सोसायटीत गरबा, लाउडस्पीकर;
हा कागद हलवत काय ओरडत होता, ऐकूच आलं नाही.
सोबत एक पाटी: हे विमान प्रायोगिक आहे,
बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावे.
शिवाय पहिले चाळीस तास
त्याने एकट्यानेच उडवायचं.

पादऱ्याच्या पुढे कोणाच्या तरी एरंडाच्या शेताकडेची धावपट्टी.
मी कडेला, हातात घड्याळ आणि वही.
याने काच लावून घेतली, इंजिन वाढवलं,
आणि सवयीने ओठ हलले. दोन अक्षरं... नाही, तीन.
'हं,' मी म्हणाले.
एवढ्या आवाजात त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

धूळ. एरंडाची पानं उलटी झाली.
जमिनीवरून आधी शेपटी उचलली गेली,
मग बाकीचं.