बी धरू नये

चोपड्याच्या शेतकी कॉलेजात
सभागृहावरचं नाव ठेवायचं की उतरवायचं,
त्या समितीत मी पाचवी.
बाकीचे चौघे मतं घेऊन आले होते.
माझ्या हाती कपाटाची किल्ली दिली.

डॉ. त्रिविक्रम टेंभेकर. प्राचार्य, मग कुलगुरू.
त्यांचं वांगं अजून हाटात त्यांच्याच नावाने विकतं:
हिरवं, दांडगं, गर पांढरा, बी कमी,
पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकलं की साल आपसूक सुटते.
चौदा वर्षं लागली ते वाण उभं करायला.
नोंदवहीत प्रत्येक झाडाची एक ओळ,
आणि नापास झाडापुढे तीनच शब्द:
बी धरू नये.

खालच्या कप्प्यात बुटाचं खोकं.
आत कार्डं. सातपुड्यातली मुलं.
डोक्याचा घेर, नाकाची लांबी, कपाळाचा उतार.
झाकणावर लिहिलेलं: सुप्रजाजनन, खानदेश विभाग.
तीच निळी शाई, मात्रा तशीच लांब ओढलेली.
एक्केचाळीसावं कार्ड: भायला. पावरा. वय अंदाजे बारा.
गणितात हुशार, असंही आहे.
पुढे तीनच शब्द.

भायला माझा आजा.

मी कार्ड उलटं करून पाहिलं.
मागे काहीच नव्हतं.

आजा त्यांना मास्तर म्हणायचा.
देवी आल्या तेव्हा नऊ रात्री
हाच माणूस उशाशी बसून होता, सांगायचा,
पाटी यानेच दिली, वसतिगृहात खाट यानेच,
आणि एकदा गार लोखंडी चिमट्यात डोकं धरलं,
"हलू नको हं, बेटा."
कानांवर दोन्ही तळवे दाबून दाखवायचा आजा,
चिमटा कुठे टेकला ते, आणि हसायचा.
मला वाटायचं, मास्तरांनी लाड केला.

आज्याला सात लेकरं झाली.
त्यात सूड नव्हता, तेव्हा सगळ्यांनाच होत.
सहाव्या लेकराची मी पोर,
त्याच सभागृहात पदवी घेतली,
त्याच नावाखाली फोटो काढला, दात दाखवून.

पाचपांडे सर म्हणाले, काळच तसा होता.
असेल. त्याच काळात माझा आजाही होता.
नवी प्राध्यापिका म्हणाली, नाव खरवडून काढा.
मलाही तेच म्हणायचं होतं,
तोंड उघडलं, आणि घशात त्या नऊ रात्री.

निर्णय सोमवारवर गेला.
मग शिरस्त्याप्रमाणे मळ्यात भरीत.
बडजीत वांगी ठेचल्याचा धपधप आवाज,
कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर तेलाचा ओघळ.
"खाय ना व बाई," आचारी म्हणाला, "तेच वाण शे."
मी खाल्लं. चांगलं होतं.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना बांधाशी एक दिसलं,
वाकडं, पिकून पिवळं पडलेलं, तोडायचं राहून गेलेलं.
पिशवीत कार्डाशेजारी ठेवलं.
रात्री बी काढलं, राखेत चोळलं,
जुन्या प्रश्नपत्रिकेवर पसरलं.

कार्ड परत ठेवायचं आहे.
किल्ली अजून माझ्याकडेच आहे.