अळणी

एकोणीस वर्षं मी या घरात मीठ लपवलं,
तांदळाच्या डब्यामागे, जुन्या लोकरी मोज्यात,
इतर बायका पैसे लपवतात तसं.

आकिता हा मिठाचाच मुलूख.
बर्फ दाराला टेकलं की मुळे धुरावर टांगायचे,
मग पिंपात दाबायचे, वर दगड.
मिठाशिवाय हिवाळा निघत नाही, सासूबाई म्हणायच्या.
अर्धांगवायूनं गेल्या. तोंड वाकडं झालेलं, तरी लोणचं मागत होत्या.

म्हणून तात्सुझोचा आकडा एकशे ब्याण्णव आला तेव्हा
सगळ्यांनी माझ्या सुपाकडे बघितलं.

मी वही घातली.
वरचा आकडा, खालचा आकडा, गोळ्यांचे रंग:
आधी दोन, मग चार, मग पाच.
गिरणीत करवतींना धार लावणारा माणूस,
दातान् दात मोजून कानस फिरवणारा,
घरी यायचा, ते फुळकवणी पाणी प्यायचा
आणि पट्टा बांधून घ्यायला हात पुढे करायचा.
शब्द नाही.
मला वाटायचं, राग आहे.
गावातले डॉक्टर म्हणाले, स्वभाव असेल.
मिहोको घर सोडून सेंदाईला गेली ती याच काळात.
तेही मी लिहिलं, समासात, बारीक.

मग त्याचा डावा गाल उडायला लागला.
मोठ्या इस्पितळात गेलो ते गालासाठी, दाबासाठी नव्हे.
हाताकेयामा बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या,
त्यांनी गोळ्यांच्या पाकिटावर चित्र काढलं:
हा मेंदूचा देठ, ही नस,
आणि ही रक्तवाहिनी, शेवयीएवढी,
वळण घेऊन नसेवर रेललेली,
दर ठोक्याला कोपर मारतेय.
"गालाचं कारण हे. आणि इथं खाली दुसरं वळण आहे.
कदाचित दाबाचंही."
'कदाचित'खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

म्हणजे कानामागून आली ती,
तिखट झाली ती,
आणि मी मीठ लपवत बसले.

कानामागे नाण्याएवढं भोक.
दोन्ही वळणं उचलायची, मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा.
"तव्याला असतं ते?"
"तेच. पिंजलेलं."
मी वेळ काढायला खालच्या दुकानात गेले,
तव्यांच्या रांगेपुढे उभी राहिले. काही घेतलं नाही.

गाल दुसऱ्याच दिवशी शांत.
पाचव्या दिवशी आकडा एकशे चौतीस.
यंत्र बिघडलं म्हणून मी पट्टा स्वतःला बांधला:
एकशे सदुसष्ट.
नर्स म्हणाली, यंत्र ठीक आहे, काकू.

घरी आल्यावर मोजा काढला.
चिमूटभरच टाकलं सुपात, हात थरथरत होता.
त्यानं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.
"खारट."

पाचातल्या दोन गोळ्या राहिल्या आहेत.
बर्फ वितळताना आकडा थोडा वर सरकला,
बाई म्हणाल्या, बघू.
गप्प तो अजूनही असतो.

पण वही आता त्याच्याकडे आहे.
सकाळी माझी बाही वर करतो,
कानशीनं घट्टे पडलेल्या बोटांनी पट्टा गुंडाळतो,
एक बोट आत जातंय ना बघतो.
मी विचारायला तोंड उघडते:
मिहोकोला फोन करूया का, की

"बोलू नकोस," तो म्हणतो.
"बोललं की आकडा चढतो."