दीड किलो

रात्री पावणेतीनला
ती सुटते छातीवरून, गच्च झोपलेली,
ओठ अजून हलताहेत, ओढत असल्यासारखे.
आणि मग माझी पाळी.

भूक म्हणू की काय म्हणू.
उठून बसेतोवर गुडघ्यात पोचते,
दातांच्या मुळाशी, नखांत.
नवाला तर जेवले होते. दोन भाकरी, शेपूची भाजी,
वर आत्याबाईंनी दटावून वाढलेली अळिवाची खीर.
सगळं गेलं कुठं
ते पाळण्यात दिसतंय.

खाटेखाली बेदाण्याच्या पेट्या.
दर येईतोवर हात लावायचा नाही,
मामांनी सांगितलंय साऱ्या घराला.
कडेच्या पेटीची चिकटपट्टी
मी नखानं सोडवते, श्वास धरून.
मूठ. मग अजून एक मूठ.
अंधारात हिरवा की काळा कळत नाही,
गोड तेवढं कळतं.

काल सावळजहून टेम्पो गेला
तासगावला. वजन भरलं.
दीड किलो कमी.
"उंदीर लागला असंल," मामा म्हणाले
चप्पल काढता काढता, माझ्याकडं न बघता.
आणि रात्री उशाशी वाटी होती,
ताटलीनं झाकलेली,
बेदाण्यांवर चार बदाम.

पुरली नाही.