वेढे

सियागंजात माझं दुकान आहे, मोटार रिवाइंडिंगचं.
जळकी मोटार आली की आधी उकलायची.
काळी पडलेली तार सोडवताना वेढे मोजायचे,
कुठल्या खाचेत किती, कुठून निघाली, कुठे गेली.
हे लिहिल्याशिवाय नवी तार हातात घ्यायची नाही.
घरी मात्र मी हे सगळं विसरलो होतो.

निषाद सहा वर्षांचा.
लग्नाचा बँड गल्लीत शिरला की कानांवर हात,
"गरम है बेटा, फूँक के."
डॉक्टरांच्या टेबलावर, "गरम है बेटा, फूँक के."
लोकरीचा स्वेटर घातला तेव्हाही तेच,
त्या वेळी शेजारचे म्हणाले, बघा, बरोबर बोलला की!
शाळेतून चिठ्ठी आली, मुलगा पोपटपंची करतो.
मी दटावलं. अर्थाचं बोल.

वैजापूरकर मॅडमनी त्याला काहीच विचारलं नाही.
सुदामानगरातल्या त्या छोट्या खोलीत
फरशीवर बसल्या, त्याच्या ठोकळ्यांच्या रांगेला
आपला एक ठोकळा लावला.
मग मला विचारलं,
हे वाक्य त्यानं पहिल्यांदा कुठे ऐकलं?

हेमांगीला आठवलं.
तीन वर्षांचा असताना, पोह्यांच्या ठेल्यावर जीभ पोळली होती.
ठेलेवाला वाकून बोलला होता.
निषाद तेव्हा रडला नव्हता.
आम्हाला वाटलं होतं, किती शहाणा आहे.

दुकानातली एक वही घरी आणली.
काय म्हणाला. कुठून आलं. काय होतं.
अगला स्टॉप पलासिया. सिटी बस. इथून मला न्या.
छुट्टे नहीं हैं. भाजीवाली. भेंडी नको.
पाणी पितोस का? मीच. तहान लागली.

या शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ बसलो.
एवढी वर्षं त्याची तहान
माझ्याच प्रश्नात गुंडाळलेली होती.

प्रश्न कमी करा, मॅडम म्हणाल्या.
त्याच्या बाजूनं बोला.
जे त्याला म्हणायचं असेल ते म्हणा, आणि सोडून द्या.
उचलेल तेव्हा उचलेल.

तर मी, बेचाळीस वर्षांचा माणूस,
माठापाशी उभा राहून म्हणू लागलो, मला पाणी हवंय.
हा आवाज फार मोठा आहे.
मला आत्ता कुणी हात लावू नका.
सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत, त्याला कडेवर घेऊन,
मला भीती वाटतेय.
हेमांगी वळून बघत राहिली.
लग्नाला बारा वर्षं झाली,
हे वाक्य तिनं माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.
मीही नव्हतं.

आठ महिने काही नाही.
मग भंवरकुआँच्या सिग्नलला, स्कूटरवर, माझ्या पाठीशी,
"अगला स्टॉप घर."
दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत राहिले.
एक तार तुटून दुसरीला जोडली गेली होती
आणि मी डाख दिला नव्हता.

परवा रात्री झोप येईना.
रस्ता रुंद होणार, दुकानाला नोटीस आली आहे.
कागद पुढ्यात घेऊन ओट्यापाशी बसलो होतो.
तो आला, फ्रिजला टेकून उभा राहिला.
माझ्याच आवाजात, माझ्याच पट्टीत,
मधे मी घेतो तो श्वाससुद्धा घेऊन,
"मला भीती वाटतेय."
मग थोड्या वेळानं, "फूँक के."
आणि कागदावर फुंकर मारून झोपायला गेला.

वही काढली. काय म्हणाला, लिहिलं.
कुठून आलं, तेही लिहिलं.
काय होतं, इथे पेन अडलं.
त्याची भीती की माझी?
वेढे मोजत बसलो, जुळले नाहीत.
तो रकाना अजून कोरा आहे.

सकाळी भेंडीची भाजी होती.
"छुट्टे नहीं हैं," तो म्हणाला.
मीही म्हणालो.