बिल्ला

आरेच्या या उतारावर
सातवीत असताना मी सुबाभूळ लावली होती.
शाळेने बिल्ला दिला, वर एक केळं.

आज जान्या वांगड वाऱ्याकडे पाठ करून
चिमटीतून माती सोडतो,
म्हणतो, थांब, खाडीकडचा सुटू दे.

मग काडी.
कुसळांवरून आग गुडघ्याएवढी चालत जाते,
जाळरेषेपाशी घुटमळते, विझते.
घाणेरी तडतडते. सुबाभळीची पोरं काळी पडतात.
समोरच्या टॉवरमधून कुणीतरी बंबाला फोन लावलाय;
बाविसाव्या मजल्यावरून प्रत्येक धूर वणवाच.

"मुळं मरत नाहीत," जान्या सांगतो,
"फुटवा आला की बकऱ्या सोडायच्या.
म्हशी मागाहून, पवना गुडघ्याला लागल्यावर.
आग एक दिवसाची, दात वर्षाचे."

राखेत चंडोल उतरला,
दोन पावलं चालला, जागा बघून गेला.

माझं झाड आता कवेत मावत नाही.
आगीने त्याची नुसती पोटरी काळी केली.
वर शेंगाच शेंगा, एकेकीत वीस-वीस बिया.
जान्या कोयता पुढे करतो.

बिल्ला अजून कपाटात आहे, टाचणीसकट.

उद्या, मी म्हणतो.
उद्या शेंगा तडकतील, तो म्हणतो.