अर्धा कमरपट्टा

फ्रिजवर सोळा आठवड्यांचा तक्ता, चार कोपऱ्यांना चार चुंबकं.
तेरा आठवडे पेन्सिलीनं खोडलेले,
एकोणतीस किलोमीटरच्या रविवारवर कॉफीचा डाग,
बत्तिसाच्या रविवारी नुसतं उद्गारचिन्ह.
चौदाव्यात, मंगळवारी, उजव्या बरगडीखाली
कुणी तापल्या इस्त्रीचं टोक टेकवलं.

वाटलं, धावायच्या बनियनची शिवण काचली असेल.
बुधवारी अंघोळीचं पाणी सोसेना.
गुरुवारी पुरळ उठलं, दाण्याला दाणा लागून,
कण्यापासून निघालेलं,
बेंबीच्या रोखानं, न थांबता, एका गतीनं.
इतकी सारखी गती मला कधी जमली नाही.

डॉक्टर व्होयनोव्स्का चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
नागीण. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?
त्या गेल्या नव्हत्या. झोपल्या होत्या.

चाळीस वर्षं माझ्या पाठीच्या मुळाशी
कुणी दम धरून बसलं होतं,
आणि मी समजत होते, दम मी कमावतेय.

आमच्या पोलिशमध्ये या दुखण्याचं नाव
अर्धा कमरपट्टा.
खालच्या मजल्यावरच्या लेओकाडियाबाईंनी
बिटाचं सूप आणलं, दारातूनच दिलं, दारातूनच बजावलं:
पट्टा पुरा होऊ देऊ नकोस.
डोकं शेपटीला मिळालं की माणूस गेलं.
मी हसले. हसल्यावर दुखलं.
रात्री मात्र आरशाकडे पाठ करून
बोटांनी मोजत राहिले, अजून किती वीत कोरी आहे.

तसे हे आठवडे कमी धावायचेच.
पुस्तकात लिहिलंय, आता पाय आवरा, झोप साठवा.
मग हेही तेच नाही का?
अशी मी माझीच वकिली केली, माझ्याच कोर्टात.
आठ दिवस पडून. मग पाच दिवस सावकाश. मग.
शनिवारी पहाटे बूट चढवले,
नाडी बांधायला वाकले
आणि वाकलेलीच राहिले, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर.
वरच्यांचा कुत्रा मला हुंगून
आपल्या वाटेनं निघून गेला.

हाल्शका रोज संध्याकाळी फोन करी.
माल्टा तळ्याला किती फेऱ्या मारल्या, सांगत नसे.
बदकं किती दिसली, ते सांगे.
एकदा म्हणाली, एकशे चौदा.
तेवढ्यावरून मी तिचा वेग काढला
आणि उशीत तोंड खुपसून तिचा मत्सर केला,
मनापासून, काहीही हातचं न राखता.

शर्यतीचा रविवार.
टेबलावर माझा क्रमांक, चार पिना कागदात तशाच.
दुखण्याच्या गोळ्या संपलेल्या.
उघडं औषधाचं दुकान एकच, रस्त्यापलीकडे,
आणि रस्त्यावर ते सगळे.
ट्राम बंद. बोलणं जवळजवळ नाही.
पोत्यातून धान्य सांडत राहावं
तसा फक्त तळव्यांचा आवाज.
मी फितीपाशी उभी, कोट अंगाला लागू नये म्हणून
एका हातानं लांब धरलेला.

शिट्टीवाल्या पोरानं जरा फट बघितली आणि ओरडला,
आता! पळा, बाई, पळा!

मी पळाले.
सात पावलं. आडवी.

काउंटरमागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, धाप लागलीय?
हो, म्हटलं.
इतकं बरं एकोणीस दिवसांत वाटलं नव्हतं.

परत यायला पुन्हा तोच रस्ता.
जिथून सुटले तिथंच पोचायचं होतं त्यांना,
डोकं शेपटीला लावायचं होतं. फट पडेना.
मी गोळ्यांची पुडी घेऊन उभी राहिले.
निळ्या टोपीत हाल्शका आली,
गालांवर मीठ वाळलेलं, नजर पुढच्याच्या टाचेवर.
हात उंचावला होता मी, तो खाली घेतला.
तिचे ओठ हलत होते.
काहीतरी मोजत होती.